ओरडत राहा

पलटणीत त्याला खांब म्हणायचे. कवायतीत एकदा सावधान उभा राहिला की नाकावर माशी बसली तरी हा बसू द्यायचा, पापणी हलवायचा नाही, असा त्याचा लौकिक होता. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त ओळखपत्रावर उरलं होतं. अशा या खांबानं गेल्या चार महिन्यांत तीनदा हुकूम नसताना रांग सोडली होती. तिसऱ्यांदा तर ऐन सलामीच्या वेळी. "हो, आलो," असं मोठ्यानं म्हणाला, दोन पावलं डावीकडे चालला, मग भानावर आला आणि सगळ्या पलटणीसमोर कानापर्यंत लाल झाला.

पहिल्यांदा सगळे हसले होते. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही. मोठ्या साहेबांनी त्याला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली. साहेबानं स्वतः खुर्ची दिली की समजावं, काहीतरी बिनसलंय.

"पंधरा दिवस घरी जा," साहेब म्हणाले. "परत आलास की डॉक्टर तपासतील. बरा असशील तर बंदूक हातात मिळेल. नसशील तर भांडारात बसून पांघरुणांच्या घड्या घाल. नसलेले आवाज ऐकणाऱ्याच्या हाती मी बंदूक देणार नाही."

"आवाज नसलेला नाही साहेब," एवढंच खांब म्हणाला, आणि ते म्हणायला नको होतं.

आवाज एकच होता आणि एकाच बाईचा होता. दादा, मी इकडे आहे. कुकरच्या शिट्टीत यायचा, नळ सोडला की पाण्यात यायचा, दाढी करताना गालावरून पातं फिरायचं त्यातही यायचा. मोठ्यानं, पण घाबरून नव्हे. जत्रेत चुकलेलं माणूस आपलं माणूस लांब दिसल्यावर हाक मारतं ना, तसा. दादा, मी इकडे आहे. आणि खांब हातातलं टाकून म्हणायचा, "हो, आलो."

सुट्टीचे अकरा दिवस असेच गेले.

झालं होतं ते असं. चार महिन्यांपूर्वी, अशाच एका सुट्टीत, खांब बायकोला मागे बसवून मोटारसायकलवरून मेहुणीकडे निघाला होता. भर दुपार, घाटाचा रस्ता. एका वळणावर कठडा तुटलेला दिसला, आणि खालून हॉर्न ऐकू आला. एकसारखा, न थांबणारा. खाली ओढ्यात प्रवासी व्हॅन आडवी पडली होती, आणि चालक स्टिअरिंगवर छाती टेकून मरून पडला होता. हॉर्न त्याच्या वजनानं वाजत होता.

बायकोला त्यानं वर रस्त्यावर उभं केलं, गाड्या थांबवायला. तिनं ओढणी काढून हलवली. दोन मोटारी आल्या, हळू झाल्या, आतल्यांनी माना वाकड्या करून खाली पाहिलं, आणि निघून गेल्या. त्या लोकांबद्दल चार शब्द सुनवायला जीभ शिवशिवते, पण राहू द्या. खांब दगडांवरून घसरत खाली पोचला होता.

व्हॅनमध्ये चालक धरून सातजण होते. एक माणूस स्वतःच फुटक्या काचेतून बाहेर आला, कसाबसा वर रस्त्यावर गेला, आणि तिथे जो बसला तो बसूनच राहिला. आत उरले पाच. पेट्रोल गळत होतं, वास नाकात जात होता. चारजण निपचित पडले होते. पाचवी मागच्या बाकड्याखाली कंबरेपासून अडकलेली. तिचा चेहरा त्याला दिसलाच नाही. बाकड्याच्या फटीतून बाहेर आलेला एक हात दिसला, आणि त्या हॉर्नच्या गोंगाटातही आवाज स्पष्ट ऐकू आला. "दादा, मी इकडे आहे!"

आता इथे पलटणीतल्या एका म्हाताऱ्याबद्दल सांगायला हवं. जखमी माणसाला कसं उचलायचं, रक्त कसं थांबवायचं, हे शिकवायला तो होता. डॉक्टर नव्हता, पण सगळे त्याला डागदर म्हणायचे. डागदर मैदानात दहाबारा जणांना झोपवायचा, निम्म्यांना बोंबलायला लावायचा, निम्म्यांना मेल्यासारखं पडायला सांगायचा, आणि शिट्टी फुंकायचा. जो आधी बोंबलणाऱ्याकडे धावेल त्याला मैदानाला पाच फेऱ्या. "ओरडतोय तो श्वास घेतोय," डागदर म्हणायचा. "त्याला सांगा, ओरडत राहा. म्हणजे तो जिवंत असल्याचं पाठ फिरवूनही कळतं. आणि तुम्ही गप्प आहे त्याच्याकडे पळा." खांबानं पहिल्या वर्षी इतक्या फेऱ्या मारल्या होत्या की हा धडा डोक्यात नाही, पायांत बसला होता.

एकट्यानं काय करायचं ते मात्र डागदरनं कधी सांगितलं नाही. ओरडणाऱ्याला मागून येणारा दुसरा कुणीतरी उचलतो, हे त्यात धरलेलंच होतं. पलटणीत कुणी एकटा नसतोच.

"ताई, ओरडत राहा!" खांबानं त्या हाताला सांगितलं. "थांबू नका. तुमचा आवाज येतोय तोवर मला काळजी नाही." आणि तो गप्प पडलेल्यांकडे वळला.

एकेकाला खांद्यावर टाकून त्यानं वर नेलं. त्या चढावर रिकाम्या हातानं चढताना छाती फुटते, हा माणूस घेऊन चढत होता. पहिला, दुसरी, तिसरा. खाली उतरला की आवाज यायचा. दादा, मी इकडे आहे. तो म्हणायचा, "हो, आलो. ओरडत राहा." ती ओरडत राहिली. चौथ्याला त्यानं वर ठेवलं आणि मागे वळला, तेव्हा खाली भडका उडाला.

तरी तो गेला. कुणी म्हणेल, वेडा होता. उघड्या हातांनी जळतं बाकडं ओढत होता, बाही पेटली तरी ओढत होता. मागून एक ट्रकचालक येऊन पोचला, त्यानं कंबरेला मिठी मारून त्याला बाहेर खेचलं, तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत सोललेले होते. तेवढ्यात वायर जळून हॉर्न बंद पडला. आता तिची हाक वर रस्त्यावरही ऐकू गेली असती. पण तोवर ती थांबली होती.

चौघे जगले. हे मुद्दाम सांगतो, कारण खांब ते दिवसातून दहादा स्वतःला सांगायचा. डॉक्टर म्हणाले होते, त्यातल्या दोघांना अजून पाच मिनिटं उशीर झाला असता तर गेले असते. म्हणजे डागदरचा धडा चुकला नव्हता. चारदा बरोबर निघाला होता. हाच तर घोळ होता. चुकला असता तर रडून मोकळं होता आलं असतं.

आणि एक गोष्ट त्यानं बायकोलाही बरेच दिवस सांगितली नव्हती. रुग्णालयात हातांना पट्ट्या असताना पोलीस जबाब घ्यायला आला. कागदावर लिहिता लिहिता त्यानं सहज विचारलं, "मागची बाई शुद्धीवर होती का हो?" हॉर्नमुळे वर कुणाला काही ऐकू गेलं नव्हतं. उरलेले चौघे बेशुद्ध होते. ऐकणारा एकटा खांब. होती म्हटलं, की पुढचा प्रश्न काय येणार ते त्याला दिसत होतं.

"नाही," तो म्हणाला.

पोलिसानं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं की ती बेशुद्धीतच गेली, तिच्या तोंडून शब्दही निघाला नाही. खांबाच्या शौर्याची बातमी शेजारीच होती. मग सत्कार झाला, पुष्पगुच्छ मिळाला. अध्यक्षांचं भाषण रंगात आलं असताना खांब खुर्चीतून उठून म्हणाला, "हो, आलो." लोकांना वाटलं, गड्याला बोलायची घाई झालीय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाराव्या दिवशी सकाळी त्यानं बायकोला सांगितलं, "मी तिच्या वडिलांकडे जाऊन येतो. जे झालं ते सांगून टाकतो."

ती कणीक मळत होती. हात तसेच परातीत ठेवून तिनं वर पाहिलं. "कशासाठी?"

"तिनं हाक मारली होती. मी नाही म्हणून सांगितलं. म्हणून ती थांबत नाहीये."

"अहो, त्या माणसाला चार महिने एवढाच आधार असेल की पोरीला काही कळलं नाही. तोही काढून घेणार तुम्ही? तुम्हाला बरं वाटावं म्हणून?"

"मला बंदूक परत हवीय," तो म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "आणि मला झोप हवीय."

"मिळेल तुम्हाला. त्यांची जाईल." तिनं कणकेवर मूठ आपटली. नवऱ्यावर तिचा जीव होता, त्या ओढ्याच्या काठावर तिनं त्याला पेटलेला पाहिला होता. पण चूक ते चूक म्हणायची तिची रीत होती. खांबानं पायात बूट घातले आणि निघाला. ती दारापर्यंत आली नाही.

व्हॅनमधल्या त्या बाईचे वडील शिंपी होते. बाजाराच्या गल्लीत औषधाच्या दुकानासमोर त्यांचं दुकान, एका बाजूला सायकलवाला, दुसऱ्या बाजूला केशकर्तनालय. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन शिलाई मशिनं, कापायचं टेबल, दोरीवर टांगलेले बाह्या नसलेले कोट. एका मशीनवर आच्छादन होतं. म्हातारा तोंडात टाचण्या धरून कापडावर खडूनं रेघ ओढत होता. खांब दारात उभा राहिला तसं त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, आधी चेहरा, मग हातांवरचे भाजल्याचे डाग. त्यांनी टाचण्या एकेक करून काढल्या आणि उठून उभे राहिले.

"तुम्ही. वर्तमानपत्रात पाहिलं होतं तुम्हाला." त्यांनी स्टूल पुसून पुढे केलं. "मीच यायचं मनात आणत होतो. चौघांना काढलंत. माझीलाही काढायला गेला होतात, हात जाळून घेतलेत. बसा. नाही, बसू नका, उभे राहा. तुमचा सदरा शिवतो."

"मास्तर, मला जरा बोलायचंय."

"बोला ना. मापं घेता घेता बोला. हात वर करा."

आता मापाला उभ्या माणसानं कसलं मन मोकळं करायचं! मास्तरांनी पट्टी छातीभोवती घेतली, आकडा पुटपुटले, कागदावर टिपला. खांबानं तोंड उघडलं की पट्टी खांद्यावर, मग दंडावर, मग मनगटावर. डागांपाशी आली तेव्हा मास्तरांची बोटं थबकली, आणि मग तेच बोलायला लागले.

"सगळे म्हणतात, तिला काही कळलं नाही. बेशुद्ध होती. पोलीस म्हणाले, शेजारी म्हणाले, माझी बहीण येऊन म्हणाली, दादा, देवानं तेवढी तरी दया केली. मी मान हलवतो." त्यांनी पट्टी गळ्यात अडकवली. "पण मला नाही पटत. मला माहीत आहे काय झालं ते. ती शुद्धीवर होती आणि गप्प राहिली."

खांबाचे वर केलेले हात तसेच राहिले.

"लहानपणी आवाज असा होता की गल्लीच्या तोंडाशी हसली तर इथे कळायचं. आई नव्हती तिला, दिवसभर इथेच असायची, टेबलाखाली. गिऱ्हाईक आलं की मी असं करायचो." त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "मोठ्यानं हसली की असं. काही मागितलं की असं. तोंडात टाचण्या, बोलता यायचं नाही, मग हेच. दहा वर्षांची होईतो इतकी शहाणी झाली की शाळेतल्या बाई विचारायला आल्या, मुलीला काही त्रास आहे का? मी फुशारकीनं सांगितलं, छे हो, शिस्त आहे! मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात कामाला लागली, तिथेही म्हणायचे, मास्तर, तुमची मुलगी दुकानात आहे की नाही तेही कळत नाही. मला बरं वाटायचं." त्यांनी टेबलाखाली पाहिलं. "एक हाक मारली असती तर तुम्ही आला असतात ना? बाकीचे विव्हळले असतील, कण्हले असतील, त्यांना नेलंत. ही गप्प राहिली, म्हणून राहून गेली. मीच तिला शिकवलं गप्प बसायला. मी मारली तिला."

अशा वेळी तोंडातून जे निघतं ते ठरवून निघत नाही. वाटेत खांबानं वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही त्याला आठवलं नाही.

"ती गप्प नव्हती," तो म्हणाला. "मास्तर, ती ओरडत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत ओरडत होती. पोलिसाला मी खोटं सांगितलं."

मास्तरांना ते लगेच कळलं नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून खांब एक पाऊल मागे सरला, कारण तो आनंद होता. म्हातारा हसत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होता.

"ओरडली? मोठ्यानं?"

"हॉर्न वाजत होता, तरी ऐकू येत होतं."

"काय म्हणाली?"

"दादा, मी इकडे आहे."

"मी इकडे आहे," मास्तर म्हणाले. स्टुलावर बसले. पुन्हा एकदा तेच म्हणाले. रस्त्यावरून हातगाडी खडखडत गेली, ती जाईपर्यंत ते हसत होते. मग हळूहळू हसू ओसरलं. खांबाला ठाऊक होतं आता काय येणार. चार महिने तो ह्याच प्रश्नापासून पळत होता.

"म्हणजे तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं."

"आणि आला नाहीत."

खांबानं सगळं सांगितलं. डागदर, मैदान, फेऱ्या, ओरडणारा आणि गप्प पडलेला. काही लपवलं नाही. चौघांबद्दल बोलताना मात्र ते जगले असं त्यानं म्हटलं नाही. तो सौदा या म्हाताऱ्यापुढे मांडायची त्याला लाज वाटली.

"आणि मी तिला सांगितलं, ओरडत राहा, थांबू नका. दर खेपेला सांगत होतो. ती थांबली नाही. अजून थांबलेली नाही. मला रोज ऐकू येते."

मास्तरांनी मापांचा कागद टेबलावर ठेवला. खांबाला वाटलं, आता कात्री फेकून मारतील, आणि मारली असती तर त्यानं चुकवली नसती.

"माझं ऐकून गप्प झाली," मास्तर म्हणाले. "तुमचं ऐकून ओरडत राहिली. फार ऐकायची हो ती. सगळ्यांचं ऐकायची." त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला रोज ऐकू येते म्हणता. मला चार महिन्यांत एकदाही नाही. कान लावून बसतो, पण तिचा आवाज मला आठवत नाही. मी तो ऐकलाच कुठे? ओरडून दाखवा."

"काय?"

"कशी ओरडली ते. ओरडून दाखवा मला."

"मास्तर, इथे? बाजारात? लोक काय म्हणतील?"

"चाळीस वर्षं मीही हेच म्हणत आलो. ओरडा."

खांबानं घसा खाकरला. कवायतीत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आवाज पोचवणारा माणूस, पण आता त्याच्या तोंडून निघाला तो कुजबुजल्यासारखा. "दादा, मी इकडे आहे."

"एवढ्यानंच?"

"नाही. याहून मोठ्यानं."

"मग तसं."

खांबानं डोळे मिटले. पेट्रोलचा वास आला, फटीतून बाहेर आलेला हात दिसला. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला. दोरीवरचे कोट हलले. जबाबात दडपलेलं, सत्काराच्या टाळ्यांत बुडालेलं ते सगळं घसा फाडून बाहेर आलं. "दादा, मी इकडे आहे!" पुन्हा. "दादा, मी इकडे आहे!" तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज त्याचा राहिला नव्हता. मास्तर स्टुलावर ताठ बसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, एकेक हाक ऐकत होते.

गल्लीत पळापळ झाली. समोरून औषधवाला चिकटपट्टी आणि बाटली घेऊन रस्ता ओलांडत आला. सायकलवाला हातात पाना घेऊन शिरला. केशकर्तनालयातला न्हावी आला, त्याच्या मागून त्याचं गिऱ्हाईक, गळ्यात पांढरं कापड, अर्ध्या गालाला साबण तसाच. भाजीची पिशवी टाकून एक बाई धावत आली, तिच्यामागून आणखी दोघं. बघता बघता दार भरलं. सगळे धापा टाकत होते.

"काय झालं मास्तर?" औषधवाल्यानं विचारलं. "कुणाला लागलं? कोण ओरडत होतं?"

खांब भिंतीला टेकून उभा होता, घामानं निथळत. मास्तरांनी दारातल्या त्या सगळ्यांकडे पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे, हातातल्या वस्तूंकडे. मग बोलले ते मोठ्यानं, शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असं.

"माझी मुलगी," ते म्हणाले. "माझी मुलगी हाक मारत होती."